नाना गेले एकदाचे

॥ श्री ॥
मखमलाबाद, नाशिक
१९ ऑगस्ट १९९५

चि. हर्षलभाऊजी यांस,

‘भाऊजी’ आणि ‘यांस’ हे मायन्यापुरतं. मी या घरात आले तेव्हा तू आठवीत होतास आणि गणितं माझ्याकडून सोडवून घ्यायचास, तेव्हा पुढे सगळं ‘तू’च चालेल. राग आला तर पत्र फाड, पण आधी वाच.

पत्ता राजकडून काढला. तुझा जिवलग मित्र तोंडाला कुलूप लावून बसला होता. मी त्याच्या आईसमोर विचारलं, मग काय करतो बिचारा. मसुरी! अरे, माणूस रुसून गेला तर पुण्याला जातो, फार तर मुंबईला. तू थेट हिमालयात. मला आधी वाटलं संन्यास घेतलास. मग राज म्हणाला, हॉटेलात कोट घालून काउंटरवर उभा राहतो. संन्यास नाही म्हटल्यावर आत्याबाईंना जरा बरं वाटलं. तुझ्या आईचं एक चांगलं आहे, वाईटात वाईट आधी धरून चालतात, मग काहीही कळलं तरी दिलासाच.

तू गेलास त्या सकाळचं तुझ्या बाजूचं तुला माहीत आहे. आमच्या बाजूचं ऐक. नाना ओट्यावर गुलाबाच्या जुड्या बांधत होते. हॉटेलवाल्यांनी मुलाखतीत सांगितलं होतं, काउंटरवर मिशी चालत नाही. तू मोरीत गेलास आणि ती साफ करून बाहेर आलास. तीही अगदी नानांनी शिकवल्यासारखी, ओठावर एक केस न ठेवता. मी चहा घेऊन येत होते. नानांनी वर बघितलं आणि हातातली जुडी खाली ठेवली.

‘मी मेलो का रे?’

एवढंच म्हणाले. त्यावर तू म्हणालास, ‘मिशीत काय बाप असतो का?’ मग ते म्हणाले, ‘मी असंस्तोवर हे तोंड दाखवू नको.’ आणि दोघंही शब्दाचे पक्के. बाप तसा बेटा, मधल्यामध्ये आमचा चहा गार.

आपल्यात बाप गेल्यावर दहाव्याला गोदावरीच्या काठी मिशी उतरवतात. बाप जिवंत असताना उतरवायची म्हणजे त्याच्या मरणाची दवंडी तोंडावर घेऊन हिंडायचं. तुला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तुला वाटलं, जग बदललं. जग बदललं असेल रे, नाना कुठे बदलले? त्यांना तुझा ओठ दिसला नाही, स्वतःचं सरण दिसलं. हे मी तुझ्यावर ठपका ठेवायला लिहीत नाही. त्यांनीही तुझी नोकरी बघायला हवी होती. पण ते माझं ऐकणारे असते तर मी आधीच चार गोष्टी सांगितल्या असत्या.

उत्तर लिही. नानांना कळणार नाही असं वचन देत नाही, कारण पोस्टमन आधी ओट्यावरच येतो.

तुझी वहिनी,
सुवर्णा


॥ श्री ॥
मखमलाबाद, नाशिक
३ मार्च १९९६

चि. हर्षल,

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, तारच म्हणायची. ‘ठीक आहे, थंडी आहे, पगार बरा आहे.’ आम्ही घरभर ते सगळ्या बाजूंनी वाचलं, पाठीमागेही काही नव्हतं.

आता मी विचारते त्याचं नीट उत्तर दे. तिकडचं पाणी जड आहे का? साबण फेसाळतो का? थंडीत वाटी आधी गरम पाण्यात ठेवतोस की तसाच ब्रश फिरवतोस? मानेवर पुरळ येते का? हे सगळं मला आपलं सहज सुचलं म्हणून विचारते, यात दुसऱ्या कोणाचा काही संबंध नाही. आता कोणी ओट्यावर बसून आभाळाकडे बघत ‘डोंगरातलं पाणी जड असतं, फेस धरत नाय’ असं स्वतःशीच म्हणालं, तर त्याला मी काय करू?

रविवार अजून तसाच आहे. म्हणजे पूर्वी तुम्ही दोघं मोरी अडवून बसायचात, आता एकटे नाना बसतात, एवढाच फरक. बंबातलं पहिलं कढत पाणी दाढीला, बाकीच्यांनी अंघोळीसाठी वाट बघायची. पितळी वाटी, तिच्यात साबणाची गोल वडी, आणि तो ब्रश, जो डुकराच्या केसांचा आहे हे आत्याबाईंना कळल्यापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आलेला नाही. वाटीत ब्रश फिरवायला लागले की नाना कोणाशी बोलत नाहीत. फेस असा व्हायला हवा की वाटी उपडी केली तरी पडू नये. कधी कधी करूनही दाखवतात. परवा निकितासाठी केली आणि सगळा फेस तिच्या डोक्यावर. आजोबा आणि नात दोघंही माझ्याकडे अशी बघत होती की रागवायचीच सोय नाही.

तिने त्यांना विचारलं, ‘नाना, तुम्ही लहान होतात तेव्हा दाढी कशी करायची?’ झालं, नानांची गाडी सुटली. तू हे शंभरदा ऐकलं असशील. मी पहिल्यांदाच बसून ऐकलं, तोवर बापलेकांच्या त्या मैफलीत आम्हा बायकांना जागा कुठे होती? चिंचेखाली गल्लीतले सगळे न्हाव्यापुढे रांगेने उकिडवे बसायचे. एकच वस्तरा, एकच वाटी, त्यातलं पाणी शेवटच्या माणसापर्यंत काळं व्हायचं. वर्षाला धान्य द्यायचं. नाना म्हणाले, वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासायचा तो सप सप आवाज अजून कानात आहे, आणि भीतीही. नानांच्या वडिलांची हनुवटी न्हाव्याने गप्पांच्या नादात कापली होती. तेव्हापासून पोराच्या मनात बसलं, आपल्या गळ्यावर दुसऱ्याचा हात नको.

मग देवळाली कॅम्प. नाना सायकलवर भाजी आणि फुलं घेऊन तिथल्या गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांवर जायचे. एक जुना बंगला रिकामा होत होता, भंगारात एक निकेलचा चकचकीत दांडा दिसला. खालची गोल मूठ फिरवली की वरची दोन दारं उघडायची. नानांना वाटलं, कुलूप असेल. भंगारवाल्याने हसून गालावर फिरवून दाखवला. गोरे गेले, दारं उघडणारा रेझर राहिला. त्यानंतर जिथे बंगला रिकामा होईल तिथे नाना. आत्याबाई म्हणतात, ‘लोक मोडीत सोनं शोधत्यात, यांनी बिनधारेचे चाकू आणले.’ तेव्हा ब्लेड सहज मिळत नसे, म्हणून तेच ब्लेड काचेच्या ग्लासात आतून बोटाने दाबून घासायचं, पुन्हा धार यायची. आपल्या घरातले काचेचे सगळे ग्लास आतून ओरखडलेले का, ते मला इतक्या वर्षांनी कळलं. मी दर वेळी भांडेवालीला बोलत होते.

तुझा भाऊ अंबडच्या कारखान्यातून पाळी संपवून येतो, ते दोन पात्यांचं प्लास्टिक तोंडावरून ओढतो आणि चहा होईपर्यंत तयार. नाना त्याला दाढी म्हणत नाहीत. ‘महेश तोंड पुसतो’ म्हणतात. महेशला काही वाटत नाही. त्याला ती हौस नाहीच. ती तुला होती. म्हणून तुझं जाणं इथे मोरीतसुद्धा कळतं.

उत्तर दे. पाण्याचं विसरू नको.

सुवर्णा


॥ श्री ॥
मखमलाबाद, नाशिक
९ नोव्हेंबर १९९६

चि. हर्षल,

दिवाळीचा फराळ पाठवला आहे. चकल्या पोचेपर्यंत शेव होतील, चमच्याने खा.

पाण्याचं सविस्तर लिहिलंस ते बरं केलंस. साबणाची वडी रात्री वाटीत भिजत ठेवतोस, हेही ओट्यावर कळलं. ऐकणाऱ्या माणसाने त्या दिवशी जेवताना दुसरी भाकरी मागून घेतली.

आता तुझ्या पत्रातली शेवटची ओळ. काउंटर सोडून कोठाराच्या हिशोबावर गेलास, पगार कमी झाला, आणि मिशी पुन्हा ठेवलीस. आणि वर ताकीद, ‘नानांना सांगायचं नाही.’ का रे बाबा? ज्याच्यासाठी ठेवलीस त्यालाच कळू द्यायचं नाही, हा कुठला न्याय? ‘मिशी ठेवली म्हणून घरात घेतलं असं मला नको’ म्हणतोस. बरं. आणि ते म्हणतात, ‘त्याला यायचं तर तो येईल, मी बोलावणार नाय.’ दोघांनाही उभं राहायला एकच बोळ आणि दोघंही म्हणतात आधी तू सरक.

तू म्हणालास म्हणून मी सांगितलं नाही. पण मला हे आवडलेलं नाही, ते लिहून ठेवते. नाना पासष्टीच्या पुढे गेले. मला तू घरात हवा आहेस. मोठ्या जावेसारखी सरळ सांगायला मला धाकटी जाऊ नाही, म्हणून तुलाच सांगते.

सुवर्णा


॥ श्री ॥
मखमलाबाद, नाशिक
२० सप्टेंबर १९९८

चि. हर्षल,

हे पत्र बसून वाच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नाना मळ्यात पडले. उजव्या अंगावरून वारं गेलं. जिल्हा रुग्णालयात ठेवलं होतं, आता घरी आणलं आहे. बोलणं जरा जड झालंय पण कळतं. काठी घेऊन ओट्यापर्यंत येतात. उजवा हात मात्र नुसता मांडीवर पडून असतो. डॉक्टर म्हणाले जिवाला धोका आता नाही, पुन्हा झटका आला तर मात्र सांगता येत नाही. मी हे लपवून ठेवू शकले असते. महेश म्हणाला, नको कळवू, परगावी एकटा आहे. मी कळवते.

आणि दाढी. पहिल्या रविवारी त्यांनी डाव्या हाताने करून बघितली. मी बाहेरून ऐकत होते, वाटी दोनदा पडली. बाहेर आले तेव्हा गालावर तीन ठिकाणी तुरटी लावलेली आणि अर्धा गाल तसाच. तेव्हापासून दाढीचा डबा बंद. महेश म्हणाला मी करतो, तर ‘तू तोंड पुसशील’. न्हाव्याला घरी बोलावलं तर भिंतीकडे तोंड करून निजले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते हेच. दाढी नुसती माजली आहे. खाजवून खाजवून मान लाल. निकिताच्या मैत्रिणी ‘तुमच्याकडे बुवा आलेत का’ विचारतात. दिवसभर तोंडाला उपरणं गुंडाळून बसतात, कोणी आलं की आत जातात. हात गेला त्याचं त्यांना इतकं लागलं नसेल जितकं हे लागलंय.

हर्षल, त्यांच्या गालावर ते फक्त एकाचा हात चालवून घेतील. त्याचं नाव ते घेत नाहीत आणि मी लिहीत नाही.

ये. मानपान नंतर बघू.

सुवर्णा


॥ श्री ॥
मखमलाबाद, २३-११-९८

चि. हर्षल, मागच्या पत्रात सगळं कळवलंच आहे, तुझं उत्तर नाही. नानांचे हे दिवस फार वाईट गेले. झोप नाही, कोणाला जवळ येऊ देईनात. आम्हालाही बघवेना. तू असतास तर ही वेळ आली नसती. निकिता तापाने फणफणली आहे, म्हणून कार्डावरच भागवते, सविस्तर मागाहून. आत्याबाई कालपासून रडताहेत. काय करणार, काल सकाळी नाना गेले एकदाचे सलूनमध्ये.

(जागा संपली म्हणून सही बाजूला. सुवर्णा)


॥ श्री ॥
मखमलाबाद, नाशिक
१९ डिसेंबर १९९८

चि. हर्षल,

नाना जिवंत आहेत.

आधी एवढं वाच, खाली बस, पाणी पी, मग पुढे ये. महेशने सकाळीच तार केली आहे, ती या पत्राच्या आधी मिळेल. पण तारेत एवढंच मावलं, ‘नाना सुखरूप’. बाकीचं सगळं मला लिहायचं आहे आणि हसू की रडू ते मलाही कळत नाही.

अरे शहाण्या, त्या ओळीत शेवटी ‘सलूनमध्ये’ होतं! खाली उजव्या टोकाला! ‘नाना गेले एकदाचे सलूनमध्ये.’ तुमच्याकडचा दरवान टपाल खिळ्याला अडकवतो असं तूच मागे लिहिलं होतंस, तो कोपरा खिळ्यालाच राहिला असणार. आणि काल आलेल्या तुझ्या पत्रावरून कळतं, तू बघितलं काय, तर कोपरा फाटलेलं कार्ड. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कोणीतरी गेलं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि रीतीप्रमाणे वाचल्या वाचल्या फाडूनही टाकलंस, म्हणजे पुन्हा वाचायची सोय नाही. रीत पाळायची तर पुरी पाळावी! दुःखाच्या कार्डावर कोणी वर ‘श्री’ घालतं का? मी घातला होता, चांगला ठळक. तो तुला दिसला नाही. माणूस आपल्याला ज्याची भीती तेच वाचतो.

आणि फोन? समोरच्या झुंबरबाईंकडे फोन आहे, नंबर राजकडे आहे. पण तू लिहिलंस, ‘तार केली नाही, कार्डाने कळवलं, म्हणजे मी यावं असं कोणाला वाटलं नाही. कार्ड मिळालं तोवर दहावाही जवळ आला होता.’ हे वाचून मला तुझा इतका राग आला आणि इतकं वाईट वाटलं की काय सांगू. तीन वर्षं पत्रं लिहिते आहे मी तुला. यावं असं कोणाला वाटलं नाही?

आता इथे काय झालं ते.

त्या सलूनचं आधी सांगते. महेशने धरून नेलं. तिथल्या पोराने डब्यातला फेस फवारला, दोन मिनिटांत मोकळं. पोर काही वाईट नव्हतं, त्याला नाना कोण हे कुठे माहीत. घरी आले तर दाढीखालचा चेहरा किती लहान झाला होता! त्यासाठी आत्याबाई रडत होत्या. पुढच्या रविवारी नानांनी मला हाक मारली, ‘सुवर्णा, वाटी आण.’

मला वाटलं नुसती बघायला हवी असेल. तर म्हणाले, ‘ब्रश भिजव. मी सांगतो तसं कर.’ मी डोक्यावर पदर घेऊन उभी. सासऱ्याच्या गालाला सुनेने हात लावायचा! आत्याबाई म्हणाल्या, ‘मी नाय बघत बाई,’ आणि आमच्याकडे पाठ करून लसूण सोलत बसल्या, पण ‘वर नको, खालून घे’ असं पाठमोऱ्याच सांगत होत्या. पदर सारखा फेसात जायचा. शेवटी नानाच म्हणाले, ‘पदर खोच, नायतर माझा गळा कापशील.’ पहिल्या दिवशी फेस नुसता साबणाचं पाणी. दुसऱ्या खेपेला दह्यासारखा. तिसऱ्या खेपेला मी वाटी उपडी केली आणि पडला नाही! मी ओरडलेच. तुला काय सांगायचं, तू जाणतोस. रेझर दाबायचा नसतो, त्याच्या वजनानेच चालू द्यायचा, आणि केस कापल्याचा तो बारीक चरचर आवाज ऐकत राहायचं. तुम्ही दोघं मोरीत तासभर काय करत होतात ते मला आता कळलं. मी बाईमाणूस, मला स्वतःला याचा काही उपयोग नाही, आणि तरी शनिवारपासून मी रविवारची वाट बघते.

तर काल. काल शुक्रवार, पण नानांना आज लग्नाला जायचं होतं म्हणून दाढीचा डबा काढला. तोंडभर फेस लावून झाला होता आणि पोस्टमन आला. पाकिटावर तुझं अक्षर, नाव महेशचं. महेश कामावर. नाना म्हणाले, ‘वाच की.’ तुझ्या पत्राला आजवर कधी ‘वाच’ म्हणाले नव्हते. आजाऱ्याला बरं वाटेल म्हणून मी मोठ्याने वाचायला लागले.

‘तीर्थरूप दादास, नाना गेल्याचं कार्ड मिळालं.’

मी थांबले. आत्याबाईंचा हात लसणावर थांबला. नाना म्हणाले, ‘पुढं वाच.’

मी म्हटलं, ‘नाना, याचा काहीतरी घोटाळा झालाय.’

‘झाला आसंल. वाच.’

मग मी वाचलं. तू हरिद्वारला गेलास, घाटावर सगळं केलंस, पिंड दिला, पाणी सोडलं. केस न्हाव्याने काढले, पण मिशीला त्याला हात लावू दिला नाहीस, ती स्वतः काढलीस. आणि ते पुढचं, ‘दादा, या वेळी मिशी काढताना मी वाट बघत होतो, की मागून कोणीतरी विचारेल, मी मेलो का रे. कोणी विचारलं नाही.’

नाना म्हणाले, ‘म्हंजे मिशी व्हती त्याला?’

‘होती.’

‘कवापासून?’

‘दोन वर्षं झाली.’

‘तुला ठाव व्हतं?’

मी मान हलवली. ते रागावतील म्हणून मी वाट बघत राहिले. ते म्हणाले, ‘गंगेचं पाणी गार. गार पाण्यानं काढली त्यानं. कापलं आसंल.’ आणि नाना रडले. मी या घरात आल्यापासून त्यांना रडताना पाहिलेलं नाही, आजारपणातही नाही. गालावरचा फेस वाळत चाललेला आणि त्यातून पाणी उतरत होतं. पुसायला हात उचलू पाहिला तो उजवा, तो उचललाच गेला नाही. मी पदराने पुसलं. आत्याबाईंनी या खेपेला पाठ केली नाही.

मग आत्याबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. ‘माझं कुकू कपाळावर हाय, अन् या मेल्यानं पिंड दिला! जित्या बापाचा! येऊ दे त्याला, झाडूनंच मारते.’ मग त्यांनाच आठवलं, मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं. लगेच देवापुढे साखर ठेवली. मग पुन्हा घाबरल्या. म्हणाल्या, ‘त्याला लिही, इतक्यात येऊ नको. केस वाढू दे, मिशी फुटू दे. तसाच आला तर लोक काय म्हणतील? बाप ओट्यावर बसलेला अन् पोरगं भादरलेलं. अपशकून हाय.’ खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. महिन्या-दोन महिन्यांनी आलास तर कोणाला काही कळणारही नाही.

नाना म्हणाले, ‘नाय. केस वाढायच्या आत यायला सांग.’

आत्याबाई म्हणाल्या, ‘अवो, पण—’

‘बाप गेल्यावर पोरगं कसं दिसतं, ते कुनाच्या बापाला बघाया मिळत नाय. मला मिळतंय. मला बघायचाय तो.’

मग म्हणाले, ‘फेस वाळला. नवा कर.’ मी पुन्हा वाटी भिजवली. कुठेही लागलं नाही.

संध्याकाळी महेशने ते पत्र वाचलं आणि कितीतरी वेळ मोरीच्या दगडावर बसून राहिला. आज तार करून आला आणि म्हणाला, गाडीचं विचारून आलोय, दिल्लीहून थेट नाशिकरोडला उतर, मी स्टेशनवर येतो. टोपी घालू नकोस असा नानांचा निरोप आहे. गावात जे बोलायचं ते बोलतील, दोन दिवस त्यांचीही करमणूक.

डॉक्टरांचं मी मागे लिहिलंच आहे, पुन्हा लिहीत नाही. आयुष्य वाढतं हे खरं असावं अशी माझी फार इच्छा आहे, पण तू त्या भरवशावर राहू नको.

पत्र इथे संपवणार होते. पण नाना काठी टेकत आले आणि समोर बसले. म्हणाले, मी सांगतो ते लिव्ह, मधी तुझी अक्कल घालू नको. मी म्हटलं, नाना, असलं जिवंत माणसाने लिहू नये. म्हणाले, लिव्ह. म्हणून खालचं त्यांचं, जसं बोलले तसं.

चिरंजीव हर्षल यास आशीर्वाद. तू हरद्वारला दिलं ते मला इथं पोचलं. पाणी पोचलं, पिंड पोचला, मिशी बी पोचली. काय ऱ्हायलं नाय. आता तू पोच.

तुझा बाप,
गेणू